विहिरीवरील मोटार का जळते? – तीन फेजमधील असमतोल व्होल्टेज आणि उसाचे पाणी



होळी झाली, उन्हाचा कडाका वाढू लागला, की गट ऑफिसात येणाऱ्या सभासदांच्या तोंडी खत-बेण्याऐवजी एकच विषय ऐकू येतो, तो म्हणजे 'मोटार जळाली, ऊस ताणावर आहे.' लागण वेळेवर झाली, बेणे शुद्ध होते, खताचे हप्ते चुकले नाहीत, बांधणीही साधली. पण ऐन एप्रिल-मे महिन्यात मोटार रिवाइंडिंगला गेली आणि वर्षभराच्या कष्टावर पाणी पडायचे ते पडलेच नाही, अशी अवस्था होते.

उन्हाळ्यात मध्यम ते भारी जमिनीतील उसाला साधारण आठ ते दहा दिवसांच्या अंतराने पाण्याची पाळी लागते. मोटार वर काढणे, दुकानात नंबर लागणे, वायंडिंग होणे, ती परत आणून बसवणे, यात आठवडा कसा जातो ते समजत नाही. म्हणजे एक पाळी सबंध चुकली. या दिवसांत सुरू उसाला फुटवे येत असतात आणि आडसाली ऊस कांडी धरण्याच्या जोमात असतो. ताण बसला की फुटवे मरतात, कांड्या आखूड पडतात. पुढे पावसाळ्यात कितीही पाणी मिळाले तरी एकदा आखूड राहिलेली कांडी लांब होत नाही. यास्तव हा विषय विजेचा दिसत असला तरी तो उसाच्या उताऱ्याचाच आहे असे आम्ही मानतो. कारखान्याच्या इलेक्ट्रिक विभागातील सहकाऱ्यांबरोबर बसून जे समजून घेतले, ते सभासदांच्या उपयोगी पडेल अशा रीतीने येथे देत आहोत.

दोष नेमका कोणाचा?

मोटार जळाली की कोणी म्हणतो व्होल्टेज कमी होते, कोणी म्हणतो मोटारच हलकी निघाली, कोणी वायंडरला बोल लावतो. यांतले प्रत्येक कारण कधी ना कधी खरे असते. पण एक कारण असे आहे की ते डोळ्यांना दिसत नाही आणि पेटीतल्या व्होल्टमीटरवरही पुष्कळदा उमटत नाही. ते कारण म्हणजे तीन फेजमधील व्होल्टेज एकसारखे नसणे. व्होल्टेज कमी असणे ही एक गोष्ट, आणि तिन्ही फेजमध्ये ते वेगवेगळे असणे ही दुसरीच गोष्ट होय. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त घातक आहे, एवढे एक वाक्य सभासदांनी या लेखातून लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

आपल्याकडे शेतीपंपाला मिळणारी तीन फेजची वीज कोणत्याही दोन फेजमध्ये ४१५ व्होल्टची असावी असे ठरलेले आहे. लाल, पिवळी व निळी या तीन फेजच्या जोड्याही तीनच होतात : लाल-पिवळी, पिवळी-निळी आणि निळी-लाल. पुष्कळ ठिकाणी स्टार्टरच्या पेटीवरील मीटर यांपैकी एकाच जोडीवर जोडलेला असतो. तो ४१० दाखवतो, आपण निर्धास्त होऊन बटण दाबतो आणि दारे धरायला जातो. उरलेल्या दोन जोड्यांत काय चालले आहे, हे त्या मीटरला कळत नाही आणि म्हणून आपल्यालाही कळत नाही.

मोटारीच्या पोटात काय घडते?

तीन फेजची मोटार फिरते कशी, ते थोडक्यात पाहू. स्टेटरमधील तीन वायंडिंगांना पाठोपाठ करंट मिळतो आणि त्यामुळे आत एक चुंबकीय क्षेत्र गोल फिरू लागते. त्या क्षेत्रामागे रोटर धावतो. दोन पोलच्या मोटारीत हे क्षेत्र मिनिटाला ३००० फेरे घेते आणि रोटर त्याच्या जरा मागे, समजा २८८० फेऱ्यांवर चालतो. तिन्ही व्होल्टेज समान असतील तर हे क्षेत्र एकाच दिशेने, एकसारख्या जोराने फिरते.

व्होल्टेज असमान झाले की काय होते, याचा हिशोब सन १९१८ मध्ये चार्ल्स फोर्टेस्क्यू या अमेरिकेतील विद्युत अभियंत्याने मांडला. त्याने दाखवून दिले की असमतोल तीन फेज म्हणजे प्रत्यक्षात एकावर एक चढलेले समतोल संच समजावेत. त्यांतील एक संच सुलट दिशेने फिरणारा आणि दुसरा, लहानसा, उलट दिशेने फिरणारा असतो. म्हणजे आपली मोटार सुलट फिरत असताना तिच्या पोटात एक दुबळे क्षेत्र उलट फिरत असते. उसाची भरलेली गाडी बैल चढावर ओढत आहेत आणि मागून कोणी दोर बांधून खाली खेचत आहे, तशातला हा प्रकार. गाडी वर चढते, पण बैलांच्या तोंडाला फेस येतो.

आता पुढचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मोटार सुरू होताना नेहमीच्या सुमारे सहापट करंट घेते, हे मोटार वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. रोटर थांबलेला असतो म्हणून तसे होते. रोटरने गती घेतली की करंट उतरतो. पण उलट फिरणाऱ्या क्षेत्राच्या दृष्टीने रोटर कधी गती घेतच नाही. ते ३००० फेऱ्यांनी एका दिशेने जाते आणि रोटर २८८० फेऱ्यांनी समोरून येतो. म्हणून या उलट व्होल्टेजपुरती मोटार कायम सुरू होण्याच्याच अवस्थेत राहते. व्होल्टेजमधील फरक दिसायला लहान, पण करंटमधील फरक त्याच्या सहा ते दहापट होतो, त्याचे कारण हेच. व्होल्टेजमध्ये ३ टक्के असमतोल असेल तर करंटमध्ये १८ ते ३० टक्के असमतोल येऊ शकतो. पाच अश्वशक्तीच्या मोटारीने तिन्ही तारांतून सरासरी साडेसात अँपिअर घ्यावेत, तेथे एका तारेतून नऊ-साडेनऊ वाहू लागतात आणि दुसरीतून त्या मानाने कमी. शिवाय या उलट क्षेत्रामुळे रोटरच्या दांड्यांतही जादा करंट खेळतो. मोटार घूं-घूं आवाज करते, थरथरते, बेअरिंग लवकर खाते आणि तापते.

हिशोब कसा करावा?

हा हिशोब चौथी शिकलेल्या माणसालाही जमेल इतका सोपा आहे. तिन्ही जोड्यांचे व्होल्टेज मोजावे, त्यांची सरासरी काढावी, सरासरीपासून सर्वांत लांब असलेला आकडा घ्यावा, त्यातील फरकाला सरासरीने भागावे आणि शंभराने गुणावे. जे येईल तो असमतोलाचा टक्का.

समजा लाल-पिवळीत ४१०, पिवळी-निळीत ३९५ आणि निळी-लालमध्ये ३८० व्होल्ट आहेत. बेरीज ११८५, सरासरी ३९५. सर्वांत मोठा फरक १५. पंधराला ३९५ ने भागून शंभराने गुणले तर ३.८ टक्के आले. वरकरणी तिन्ही आकडे चांगले दिसतात, पण मोटारीला ते सोसत नाहीत.

याच्या उलट, तिन्ही जोड्यांत ३८० असेल तर व्होल्टेज कमी खरे, करंट थोडा वाढेल, पण असमतोल शून्य आहे. अशी मोटार वरच्या ४१०-३९५-३८० वाल्या मोटारीपेक्षा सुखी राहील. 'एका फेजला ४१० मिळते ना, मग झाले' ही समजूत सभासदांनी मनातून काढून टाकावी.

असमतोल वाढेल तसतसा मोटारीवर किती भार टाकावा, याचे सर्वसाधारण प्रमाण पुढीलप्रमाणे समजले जाते :

१ टक्क्यापर्यंत – पूर्ण भार चालतो
२ टक्के – सुमारे ९५ टक्के भार
३ टक्के – सुमारे ८८ टक्के भार
४ टक्के – सुमारे ८२ टक्के भार
५ टक्के – सुमारे ७५ टक्के भार
५ टक्क्यांच्या वर – मोटार चालवू नये

म्हणजे ५ टक्के असमतोल असताना दहा अश्वशक्तीची मोटार ही साडेसातचीच समजावी. पण तिला जोडलेला पंप आणि पाण्याची उंची कमी होत नाही. ते आपले दहाचेच काम मागतात.

उष्णतेचा एक ठोकताळाही सांगतो. असमतोलाच्या टक्क्याचा वर्ग करून दुप्पट केली की तापमानवाढीत किती टक्के भर पडेल ते कळते. ३.८ चा वर्ग साडेचौदाच्या आसपास, दुप्पट २९. ज्या वायंडिंगचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा ८० अंशांनी वाढायचे, ते आता सुमारे १०३ अंशांनी वाढेल, म्हणजे २३ अंश जादा. वायंडिंगच्या इन्शुलेशनचे आयुष्य दर दहा अंशांना निम्मे होते असे धरतात. त्या हिशोबाने सतत असे चालल्यास दहा वर्षे टिकणारे वायंडिंग दोन वर्षांत संपेल. त्यातून मे महिना, विहिरीवर पत्र्याची खोली आणि आत चाळीस अंशांच्या वरचे ऊन, मग विचारायलाच नको. पाणबुडी मोटार पाण्यात असते म्हणून तिला धोका नाही, असेही समजू नये. पाण्याने भरलेल्या पाणबुडी मोटारीचे वायंडिंग प्लॅस्टिकच्या आवरणाच्या तारेचे असते आणि ते उघड्या मोटारीच्या वायंडिंगइतकी उष्णता सोसत नाही.

एक फेज गेली म्हणजे

असमतोलाचे टोक म्हणजे एक फेज पूर्ण जाणे. डीपीवरचा एक फ्युज उडतो, जंपर सुटतो किंवा स्टार्टरचा एक कॉन्टॅक्ट जळून काळा पडतो. उभी मोटार अशा वेळी सुरू होत नाही, नुसती गुरगुरते. पण चालू असलेली मोटार थांबत नाही! ती उरलेल्या दोन तारांवर ओढत राहते आणि त्या तारांतील करंट पावणेदोनपट किंवा त्याहूनही जास्त होतो. रिले नीट लावलेला नसेल तर वायंडिंग काही मिनिटांत करपते.

जळालेली मोटार दुकानात उघडतील तेव्हा सभासदांनी शेजारी उभे राहून वायंडिंग पाहावे, ते बोलके असते. तिन्ही फेजची कॉईल सारखीच करपली असेल तर मोटारीवर जादा भार पडला, व्होल्टेज फार कमी होते किंवा पंप अडकला असे समजावे. स्टार जोडणीच्या मोटारीत दोन फेजची कॉईल काळी आणि एकीची कोरी असेल तर एक फेज गेली होती. डेल्टा जोडणीत उलट, एक फेज काळी व दोन चांगल्या राहतात. आणि एकाच फेजची कॉईल हळूहळू भाजल्यासारखी, तपकिरी-काळी झाली असेल तर असमतोल व्होल्टेजचा संशय घ्यावा. कारण न शोधता नवी तार भरून तीच मोटार त्याच लाईनीवर लावली तर ती पुन्हा दुकानात येणार, हे ठरलेले.

असमतोल येतो कुठून?

पहिले कारण म्हणजे डीपीवरील भाराची वाटणी. वस्तीवरची घरे, गोठे, कडबाकुट्टी, एक फेजच्या लहान मोटारी हे सगळे सोयीसाठी एकाच फेजवर जोडले जाते. ती फेज दबते. दुसरे कारण लांब आणि बारीक तारेची लाईन व तिच्यातील ढिले जोड. तिसरे कारण फ्युज. एका ग्रिपमध्ये योग्य तार, दुसरीत ॲल्युमिनियमचे दोन पेड, तिसरीत हाताला लागेल ते, अशी स्थिती असेल तर एक फेज आधी उडणार किंवा तापून व्होल्टेज खाणार. चौथे, स्टार्टरचे झिजलेले कॉन्टॅक्ट आणि पेटीतील ढिले स्क्रू.

पाचवे कारण आपल्या हातचे आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. दोनच फेज आल्या की कपॅसिटर लावून तीन फेजची मोटार चालवण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. कपॅसिटरने तिसरी फेज तयार होत नाही, तिचा नुसता आभास तयार होतो. ठराविक एका भारालाच तो थोडाबहुत जमतो. विहिरीचे पाणी खाली गेले, भार बदलला, की समतोल बिघडतो. शिवाय एकाच डीपीवर चार जणांनी असे केले तर दोन फेज ओढल्या जातात आणि नियमाने वागणाऱ्या पाचव्याच्या मोटारीलाही त्याचा फटका बसतो. ऑटो स्विचचेही तसेच. लाईट आली की डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम सहापट करंट मागतात, फ्युज उडतो, बहुधा एकच उडतो, आणि उरलेल्या दोन फेजवर ज्या मोटारी तग धरतात त्या जळतात.

घरच्या दिव्यांवरूनही थोडा अंदाज घेता येतो. मोटारी बंद असताना डीपीच्या एका फेजवरील दिवे नेहमीसारखे आणि उरलेल्या दोन फेजवरील दिवे मिणमिणते दिसले, तर डीपीच्या वरच्या बाजूचा एक फ्युज गेला असण्याचा संभव असतो. अशा वेळी मोटारीचे बटण दाबू नये.

सभासदांनी काय करावे?

१) पेटीवर तिन्ही जोड्या दाखवणारा, सिलेक्टर स्विच असलेला व्होल्टमीटर बसवावा. अँपिअरही तिन्ही तारांचे पाहावेत. मोटार सुरू करण्यापूर्वी आणि सुरू केल्यावर पाच मिनिटांनी, असे दोनदा आकडे बघण्याची सवय लावावी.

२) ओव्हरलोड रिले मोटारीच्या पट्टीवर लिहिलेल्या अँपिअरवरच लावावा. वरचेवर ट्रिप होते म्हणून काटा पुढे सरकवणे किंवा रिले बांधून ठेवणे म्हणजे राखणीचा कुत्रा भुंकतो म्हणून त्याचे तोंड बांधण्यासारखे आहे.

३) सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर अवश्य बसवावा, आणि तो शक्यतो करंटवर चालणारा असावा. चालू मोटार गेलेल्या फेजवर स्वतःच काही व्होल्टेज तयार करते. त्यामुळे नुसते व्होल्टेज पाहणारे उपकरण कधीकधी फसते. करंट पाहणारे फसत नाही.

४) अँपिअर असमान येत असतील तर दोष लाईनीत की मोटारीत, हे पुढीलप्रमाणे शोधावे. स्टार्टरमधून मोटारीकडे जाणाऱ्या तिन्ही तारा वायरमनकडून एकेक घर पुढे सरकवून घ्याव्यात. तिन्ही सरकवाव्यात, दोनच बदलू नयेत, नाहीतर पंप उलटा फिरेल. मग पुन्हा अँपिअर घ्यावेत. जादा अँपिअर पूर्वीच्याच फेजवर राहिले तर दोष पुरवठ्यात आहे. ते तारेबरोबर सरकले तर दोष मोटारीत किंवा तिच्या केबलमध्ये आहे.

५) असमतोल ३ टक्क्यांच्या आसपास असेल आणि पाळी देणे अगदी गरजेचे असेल, तर सेंट्रिफ्युगल पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडा आवळावा. पाणी कमी पडेल, पण अँपिअर उतरतील. सर्वांत जास्त दाखवणाऱ्या तारेचे अँपिअर पट्टीवरील आकड्याच्या आत आणावेत. सरासरी पाहू नये, कारण जळते ती जास्त करंटची फेज. ५ टक्क्यांच्या वर मात्र मोटार बंद, यात तडजोड नको.

६) डीपीवर चढून फ्युज टाकण्याचे धाडस कोणीही करू नये. मोजमाप आणि जोडणीचे काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे. मोटारीपेक्षा माणसाचा जीव मोलाचा आहे.

हे एकट्याचे काम नव्हे

वरील पहिले पाच उपाय ज्याच्या त्याच्या विहिरीवरचे आहेत. पण असमतोलाचे मूळ पुष्कळदा डीपीवर असते आणि डीपी एकट्याची नसते. बांधाच्या पाण्यावरून भांडणारे शेजारी एकत्र येऊन उपसा सिंचन संस्था चालवतात, कारखाना चालवतात. तर एका डीपीवरचे दहा-पंधरा सभासद एकत्र का बसू नयेत? प्रत्येकाने आठ दिवस आपल्या पेटीवरचे तिन्ही व्होल्टेज वहीत लिहावेत, सकाळचे, दुपारचे आणि ज्यांच्याकडे रात्रीची पाळी असेल त्यांनी रात्रीचे. मग सर्वांच्या वह्या शेजारी ठेवाव्यात. सर्वांकडे तीच फेज दबलेली दिसली तर दोष डीपीचा किंवा लाईनीचा. एकाकडेच दिसली तर त्याच्या सर्व्हिस वायरचा किंवा पेटीचा. वस्तीचा एक फेजचा भार तिन्ही फेजवर वाटून मिळावा म्हणून वीज कंपनीच्या कार्यालयास सर्वांच्या सह्यांचा लेखी अर्ज या आकड्यांसह द्यावा. 'लाईट बरोबर नाही' या तोंडी तक्रारीला उत्तर देणे सोपे असते. तारीख, वेळ आणि व्होल्टेज लिहिलेल्या कागदाला तितके सोपे नसते. डीपीवरच्या सर्वांनी मिळून ऑटो स्विच काढावेत आणि लाईट आल्यावर पाच-पाच मिनिटांच्या अंतराने मोटारी सुरू कराव्यात. याला पैसा लागत नाही, नुसते ठरवावे लागते.

एप्रिल २०२४ पासून राज्य शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे वीजबिल माफ केले आहे. पण जळालेल्या मोटारीचे वायंडिंग माफ होत नाही आणि चुकलेली पाण्याची पाळी तर कोणीच भरून देत नाही.

तरी सर्व सभासदांनी लागणीची नोंद देताना जशी जमीन, जात आणि तारीख लिहिण्याची सवय लावून घेतली, तशीच आता मोटारीच्या पेटीपाशी एक वही टांगावी आणि तीन आकडे लिहावेत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. हिशोब जमला नाही तर वही घेऊन आपल्या गट ऑफिसात यावे अथवा चिटबॉयकडे द्यावी. आम्ही तो मांडून देऊ.

आपला,
ऊस विकास अधिकारी,
शेतकी खाते